सुकट, सोडे आणि आपले पचन

मृगाचा पाऊस सुरू झाला की आपल्याकडील मत्स्याहारी घरांतल्या स्वयंपाकाचा रंग बदलतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. कारवार-अंकोल्याकडून घाट चढून हुबळीस येणारी ताजी मासळी या काळात रोडावते आणि मे महिन्यात भरून ठेवलेले सुकट-सोड्यांचे डबे फळीवरून खाली येतात. याच सुमारास बालरोगतज्ज्ञापुढे एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, बाळाला सुकट चालेल का? जड तर नाही ना पडणार?"

या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, सुकट पचेल का? आणि दुसरा, सुकट सोसेल का? पहिल्याचे उत्तर बव्हंशी स्वयंपाकघरात आहे. दुसऱ्याचे उत्तर स्वयंपाकघरात मुळीच नाही. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे. त्याआधी सुकटीची ओळख आणि तिची तयारी यांविषयी थोडे विवेचन करू.

सुकट म्हणजे नेमके काय?

केशवापूर ही तशी समुद्रापासून दूर असलेली वस्ती. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने हुबळीत कारखाना उभारला. त्यानंतर रेल्वेच्या आणि व्यापाराच्या निमित्ताने कोकण, गोवा, कारवार येथील अनेक कुटुंबे या परिसरात स्थिरावली. लोंढा-कॅसलरॉकच्या वाटेने जशी माणसे आली, तशा त्यांच्या बोचक्यांतून सुकी मासळीही आली. त्यामुळे आपल्याकडे एकाच पदार्थाला घरागणिक निराळे नाव ऐकू येते. कोणी सुकट म्हणतो, कोणी सुकी सुंगटे, तर शेजारची कन्नड भाषक मावशी त्यालाच 'ओण सिगडी' म्हणते.

पचनाच्या दृष्टीने मात्र तीन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला जवळा. ही अगदी बारीक, दोन-तीन सेंटिमीटर लांबीची कोळंबी असून शास्त्रीय भाषेत तिला ॲसिटीस इंडिकस म्हणतात. ती कवचासकट, मिशांसकट, जशीच्या तशी उन्हात वाळवतात. दुसरा प्रकार करंदी. ही जवळ्याहून मोठी असते आणि तिलाही कवच असते. तिसरा प्रकार सोडे. यात मोठी कोळंबी सोलून, डोके व कवच काढून केवळ मांस वाळवलेले असते. म्हणूनच सोडे महाग असतात आणि म्हणूनच ते पचावयास सर्वांत हलके असतात.

ताज्या कोळंबीत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि प्रथिने साधारण २० टक्के. पाणी उडून गेले की उरलेल्या भागात प्रथिनांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे १५ ग्रॅम सोड्यांतून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात, जवळजवळ दीड अंड्याइतकी. शिवाय जस्त आणि ब-१२ जीवनसत्त्व मिळते. कवचासह खाल्ल्या जाणाऱ्या जवळ्यात कॅल्शियमही भरपूर असते. इतके सकस अन्न आपल्या फळीवर असताना मुलासाठी महागडी प्रथिनांची भुकटी आणणारे पालक मी रोज पाहतो, तेव्हा वाईट वाटते. इमारतीतील शेजाऱ्यांना वास येतो म्हणून सुकट घरातून हद्दपार झाली असेल, तर एक वेळ समजू शकते. पण 'पचत नाही' या समजुतीने ती हद्दपार होऊ नये.

जडपणा कशात आहे?

आपल्या पूर्वजांनी वाळवलेल्या मांसाला जड मानले, ते उगाच नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाळवलेले मांस आणि वाळवलेल्या भाज्या गुरू असल्यामुळे नित्य खाऊ नयेत, असा उपदेश आहे. आधुनिक शरीरशास्त्राच्या आधारे या 'गुरुत्वा'ची फोड केली, तर त्यात चार गोष्टी सापडतात.

पहिली गोष्ट कवच. कोळंबीचे कवच कायटिन नावाच्या चिवट बहुशर्करेचे बनलेले असते आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते. माणसाच्या जठररसात कायटिन तोडणारे विकर थोड्या प्रमाणात असते, असे इ. स. २००० नंतरच्या संशोधनातून दिसून आले आहे. परंतु ते व्यक्तीव्यक्तींत कमी-अधिक असते आणि त्याच्या भरवशावर वाटीभर कवचे पचतील असे नाही. कितीही शिजवले तरी कायटिन मऊ होऊन विरघळत नाही. ते भाजीच्या चोथ्यासारखे आतड्यातून पुढे जाते. थोडे असेल तर अपाय नाही. जास्त झाले, तर पोट गच्च होते आणि नाजूक आतड्यांच्या माणसाला कळ येते.

दुसरी गोष्ट मीठ. काही सुकी कोळंबी मिठाच्या पाण्यातून काढून वाळवलेली असते. हे मीठ तहान वाढवते, पोट फुगल्यासारखे वाटते आणि रक्तदाबाच्या रुग्णाला तर ते सरळ अपायकारकच.

तिसरी गोष्ट जुनाटपणा. कोळंबीत चरबी थोडी असली तरी ती हवेने व उजेडाने लवकर खवट होते. दमट हवेत डब्यात ओल शिरली की बुरशी व कीड लागते आणि अमोनियासारखा उग्र दर्प येऊ लागतो. अशी सुकट ही पचनाची समस्या नव्हे. ती टाकूनच दिली पाहिजे.

चौथी गोष्ट आपला हात. सुकट करताना आपण तेल सढळ घालतो, तिखट त्याहून सढळ घालतो आणि ती चांगली कुरकुरीत होईपर्यंत परततो. तेलामुळे जठर रिकामे व्हावयास वेळ लागतो. तिखटाने जठराचा दाह होतो. फार करपवलेल्या प्रथिनांतील लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल शरीराला पूर्वीइतके उपलब्ध राहत नाही. रात्री साडेनऊला अशी सुकट भाकरीबरोबर खाऊन लगेच आडवे व्हावयाचे आणि पहाटेच्या जळजळीचे खापर कोळंबीवर फोडावयाचे, हे न्याय्य नव्हे. कोळंबीचे मांस स्वतः पचावयास सोपे आहे, कारण बकऱ्याच्या मांसाच्या तुलनेत त्यात चिवट संयोजी ऊती फार कमी असतात.

पूर्वतयारी

वरील चार कारणे ध्यानी आली की तयारीचा क्रम आपोआप ठरतो.

जवळा प्रथम परातीत पसरून निवडावा. त्यात शिंपल्यांचे तुकडे, काड्या, क्वचित जाळ्याचे धागेही असतात. मग तो चाळणीने चाळावा. वाळूवर वाळवलेल्या मालातून या पायरीलाच बरीच रेती निघून जाते. यानंतर कोरड्या तव्यावर मंद आचेवर चार-पाच मिनिटे हलवत भाजावा. रंग फार बदलू देऊ नये. भाजल्याने मिशा, पाय आणि पातळ कवच ठिसूळ होते. जवळा निवला की दोन्ही तळव्यांत हलकेच चोळावा आणि सुपात घालून पाखडावा. उडून जाणारा भुसा म्हणजेच पोटात बोचणारा भाग. आपल्या आज्या हे करीत असत, त्यामागे वर सांगितलेले शास्त्र आहे.

पाखडलेला जवळा कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटे भिजवावा. येथे एक बारकावा आहे. भांडे चाळणीत उपडे करू नये. जवळा वरच्यावर हाताने उचलून दुसऱ्या पाण्यात टाकावा, म्हणजे राहिलेली रेती पहिल्या भांड्याच्या तळाशी बसते. असे दोन-तीन वेळा केले की दाताखाली कचकच लागत नाही. भिजवलेले पाणी टाकून द्यावे. त्याबरोबर मीठही जाते.

करंदीचे डोके, शेपटी आणि पाय खुडून टाकावेत. बाकी कृती जवळ्याप्रमाणेच.

सोड्यांना कवच नसल्याने पाखडण्याचा खटाटोप नाही. ते धुऊन कोमट पाण्यात वीस ते तीस मिनिटे भिजवावेत. फुगले की पाठीवरचा काळा दोरा राहिला असल्यास सुरीने काढावा आणि मोठे सोडे कापून दोन-तीन तुकडे करावेत. भिजवण्यासाठी उकळते पाणी घेऊ नये. त्याने सोडे बाहेरून आक्रसतात आणि आतला भाग कोरडा राहतो. तसेच तासन्‌तास बाहेर भिजत ठेवू नयेत. वाळवण्याने जंतू मरतातच असे नाही, अनेक केवळ निद्रिस्त असतात. हुबळीच्या एप्रिलमधील उकाड्यात ओल मिळताच ते जागे होतात. भिजवले की लगेच शिजवावे.

शिजवताना कांदा, वांगे, बटाटा, शेवग्याची शेंग अशी पाणी धरणारी भाजी सोबत घ्यावी आणि झाकण ठेवून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे वाफवावे. कायस्थ प्रभूंच्या घरची सोड्यांची खिचडी किंवा सोडे घातलेली वांगी-बटाट्याची भाजी या दृष्टीने आदर्श म्हणावी लागेल. सोडे ओलाव्यात मुरतात, मऊ होतात आणि प्रमाणात राहतात. गोव्याकडच्या किसमुरीत मात्र सुकट भिजवत नाहीत, भाजून ओले खोबरे व कांद्यात कालवतात. ती चवीला उत्तम, पण ज्याचे पोट नाजूक आहे त्याने चमचाभरच घ्यावी. आमसूल किंवा चिंच शेवटी घालावी. सुक्या मासळीचा दर्प ज्या अमाइन द्रव्यांमुळे येतो, ती आम्लाशी संयोग पावली की हवेत कमी उडतात. म्हणजे आमसुलाने शेजाऱ्यांचाही प्रश्न थोडासा सुटतो.

लहान मुलांसाठी

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही नको. वरचे अन्न सुरू झाल्यावर त्यात प्राणिज प्रथिने असावीत, हे आज सर्वमान्य आहे. खिमट, मऊ वरण-भात अशा गोष्टी बाळाला अंगवळणी पडल्या की सुकटीची पूड देता येते. मात्र ती अख्खी किंवा तुकड्यांच्या स्वरूपात कधीही देऊ नये. करंदीच्या डोक्यावरील टोकदार काटा व मिशा घशात टोचतात, आणि पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत असा तुकडा गेला तर प्रसंग जिवावर बेततो.

पूड करण्यासाठी मीठ न लावलेला, निवडून, धुऊन, पुन्हा कडक वाळवलेला जवळा किंवा सोडे मंद भाजावेत, मिक्सरमध्ये बारीक करावेत आणि वस्त्रगाळ करावेत. चाळून वर राहिलेला चोथा टाकावा. जवळ्याची पूड अशी बारीक केली की तिच्यातील कायटिन पचले नाही तरी कॅल्शियम कार्बोनेट जठरातील आम्लात विरघळते, त्यामुळे कॅल्शियमचा लाभ होतो. ही पूड थोडी थोडीच करावी, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावी आणि खिमट शिजत असतानाच त्यात घालावी. आरंभी चिमूटभर, पुढे अर्धा चमचा पुरे. पहिल्या वर्षात वरून मीठ घालू नये.

पहिल्यांदा देताना तीन नियम पाळावेत. बाळ ठणठणीत असताना द्यावे, सकाळच्या वेळी द्यावे आणि त्या दिवशी दुसरा कोणताही नवा पदार्थ देऊ नये. हे तीन नियम का, ते पुढील भागात येईल.

न पचणे आणि न सोसणे

काही वर्षांपूर्वी सात वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे घाईघाईने आणला गेला. अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते आणि छातीत शिट्ट्या वाजत होत्या. जेवून वीस मिनिटेही झाली नव्हती. मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन दिले आणि थोड्याच वेळात श्वास मोकळा होऊ लागला. सारे स्थिरस्थावर झाल्यावर आजीशी बोललो. यापूर्वी दोनदा सुकट खाल्ल्यावर त्याच्या ओठांना खाज सुटली होती आणि उलटी झाली होती. घरच्यांनी 'पचले नाही' असा निष्कर्ष काढला होता. म्हणून तिसऱ्या वेळी आजीने उत्तम सोडे आणले, निवडले, भिजवले, पाणी टाकून मऊ शिजवले. "मी तर एवढे जपून केले होते हो, डॉक्टर," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांच्या करण्यात काहीही उणे नव्हते. परंतु तो आजार पचनाचा नव्हताच.

कोळंबीच्या ॲलर्जीस मुख्यतः कारणीभूत असणारे प्रथिन म्हणजे स्नायूंमधील ट्रोपोमायोसिन. आपल्या राज्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे की, या प्रथिनाची ओळख पटवण्याच्या कामात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांचा मोलाचा वाटा आहे. त्यांचे यासंबंधीचे संशोधन १९८९ आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. या प्रथिनाचा सर्वांत घातक गुण असा की ते उष्णतेने नष्ट होत नाही. उकळा, भाजा, वाळवा, भिजवा, ते आपले काम करतेच. उलट कवच काढून टाकल्यावर जे मांस उरते, त्यातच ते असते. म्हणजे पचनासाठी जे सर्वांत हलके, ते ॲलर्जीच्या मुलाला तितकेच धोक्याचे.

मग घरच्या माणसाने फरक कसा ओळखावा? सर्वांत उपयोगी प्रश्न एकच : खाल्ल्यापासून किती वेळाने त्रास झाला? अपचन सावकाश येते. दोन-चार तासांनी पोट जड होते, ढेकर येतात, जळजळ होते, क्वचित पातळ शौच होते. त्रास कमी-जास्त होतो तो खाण्याच्या प्रमाणानुसार. अन्नातून जंतुसंसर्ग झाला असेल, तर अनेक तासांनी उलट्या-जुलाब, बहुधा ताप, आणि पुष्कळदा घरातील इतरांनाही तोच त्रास. ॲलर्जी मात्र काही मिनिटांत, फार तर दोन तासांत प्रकट होते. ओठ-जीभ खाजणे, गांधी, डोळे-ओठ सुजणे, आवाज बसणे, खोकला, धाप, अचानक उलटी, चक्कर, मूल एकदम मलूल होणे ही तिची लक्षणे. येथे प्रमाणाला महत्त्व नाही. एक घासही पुरतो. आणि मागच्या वेळी सौम्य होती म्हणून पुढच्या वेळीही सौम्यच राहील, याची हमी नाही.

माझ्या वैद्यकीय बंधु-भगिनींसाठी दोन गोष्टी नमूद करतो. एक म्हणजे, पुरळ नसताना खाल्ल्यानंतर एक ते चार तासांनी पुन्हा पुन्हा जोरकस उलट्या होऊन मूल पांढरेफटक पडत असेल, तर एफ.पी.आय.ई.एस. या प्रकाराचा विचार करावा. त्यात त्वचेची व रक्ताची नेहमीची ॲलर्जी चाचणी बहुधा नकारात्मक येते. दुसरी म्हणजे, धुळीतील सूक्ष्म किडे आणि झुरळे यांतही ट्रोपोमायोसिन असते. त्यामुळे दम्याच्या मुलाची चाचणी कोळंबीसाठी सकारात्मक येऊ शकते, जरी ते मूल कोळंबी सुखाने खात असले तरी. अशा मुलाचे ताट केवळ कागदावरील अहवालावरून हिरावून घेऊ नये. इतिहास आधी, चाचणी नंतर.

खरी ॲलर्जी ठरली, तर कोळंबी, खेकडा, शेवंड हे सर्व कवचधारी टाळावेत. ही ॲलर्जी दुधाच्या ॲलर्जीसारखी वयानुसार सहसा जात नाही. सुकट भाजताना उठणारा धूर आणि पूड करताना उडणारी धूळ यांनीही काहींना दमा होतो, म्हणून असे मूल त्या वेळी स्वयंपाकघरात नसावे. तीव्र प्रतिक्रिया आल्यास उपचार एकच : ॲड्रिनलिन, १:१००० तीव्रतेचे, वजनाच्या दर किलोस ०.०१ मि.लि., मुलांत कमाल ०.३ मि.लि., मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत. ॲलर्जीच्या गोळीची वाट पाहण्यात वेळ घालवू नये, आणि घरच्यांनी मुलाला आडवे ठेवून (धाप असल्यास बसते ठेवून) सरळ जवळच्या इस्पितळाकडे निघावे.

कोणी जपून खावे?

उच्च रक्तदाब व मूत्रपिंडाचे विकार असणाऱ्यांनी खारवलेली सुकट टाळावी. निरोगी प्रौढानेही दिवसभरात सर्व मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे लक्षात असावे. गाऊट असणाऱ्यांनी सुकटीपासून दूर राहणे बरे, कारण तिच्यात प्युरिन जास्त असतात आणि त्यांचे युरिक आम्ल बनते. जुलाबातून नुकत्याच उठलेल्या मुलाचे खाणे बंद करू नये, पण काही दिवस कवचाची सुकट देऊ नये. वृद्धांनी, विशेषतः ज्यांचे दात पडले आहेत त्यांनी, सोडे किंवा वस्त्रगाळ पूड घ्यावी आणि ती दुपारच्या जेवणात घ्यावी.

विकत घेताना हातात घेऊन पाहावे. चांगला जवळा कोरडा, सुटा, फिकट गुलाबी-पांढुरका असतो आणि त्याला समुद्राचा वास येतो. चिकट, काळसर, भुकटी झालेला किंवा नाक झोंबवणारा माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर एक कडक ऊन द्यावे आणि पावसाळ्यात लागेल तेवढाच डबा उघडावा.

थोडक्यात सांगावयाचे तर, पोट जड होत असेल तर सूप, चाळणी आणि कोमट पाणी यांना शरण जावे. त्याने बहुतेकांना सुकट पचेल. परंतु सुकट खाल्ल्यावर काही मिनिटांत ओठ खाजले, अंग फुलले किंवा श्वास कोंडला, तर पुन्हा 'थोडे मऊ करून' देऊन पाहू नये. त्या दिवशी काय खाल्ले आणि किती वेळाने काय झाले, हे कागदावर लिहून ठेवावे आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे यावे. आम्हा डॉक्टरांना निदानासाठी त्या कागदाइतके उपयोगी दुसरे काहीच नसते.